दार कुठे आहे? अडकलेपणाचे फोटो काढायला बसलेल्यांसाठी

अडकलेपणाचा फोटो काढायचा म्हटलं की डोक्यात सगळ्यात आधी गज येतात. गज धरलेले दोन हात, मागे खाली घातलेली मान, सगळं कृष्णधवल. मीही पहिला फोटो असाच काढला होता. एका मित्राला जिन्याच्या लोखंडी जाळीमागे उभं केलं, "जरा दुःखी दिस" म्हटलं आणि घरी येऊन कॉन्ट्रास्ट वाढवला. मोठ्या अभिमानाने तो एका मुरलेल्या छायाचित्रकाराला दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि एवढंच विचारलं, "दार कुठे आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. मग ते म्हणाले, "माणूस जाळीमागे उभा आहे, एवढं दिसलं. पण त्याला बाहेर यायचंय का, कुठून येता आलं असतं आणि का येता येत नाही, यातलं काहीच दिसत नाही. उद्या हाच फोटो जाळीच्या दुकानाच्या जाहिरातीतही खपेल."

तो प्रश्न मी आजही प्रत्येक फ्रेमला विचारतो. अडकणं म्हणजे आतला जीव आणि बाहेर पडायची वाट या दोघांमधलं बिनसलेलं नातं. नुसती बंद खोली बंद खोलीच असते. तिच्या भिंतीत, हात पोचणार नाही अशा उंचीवर, एक झरोका दिसला की तिची कोठडी होते. म्हणजे फोटोत सुटका नसली तरी सुटकेची जागा मात्र लागते: दाराची फट, काचेपलीकडचं झाड, बाहेरून येणारा उजेडाचा पट्टा, नाहीतर नुसती एका दिशेला लागलेली नजर. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच गोष्टीभोवती फिरतात. कॅमेरा कुठलाही चालेल. फोन अडेल तिथे मी सांगेन.

पायरी १ : कॅमेरा बाजूला ठेवा आणि क्रियापद निवडा

"अडकलेपण" हा शब्द फार ढोबळ आहे. त्यावर विचार करत बसलात तर पुन्हा गजांपाशीच याल. आपल्या भाषेने याचे प्रकार केव्हाच वेगळे करून ठेवले आहेत: कोंडणं, गुंतणं, रुतणं, फसणं, घुसमटणं, खोळंबणं, कात्रीत सापडणं. यातल्या प्रत्येकाचं चित्र निराळं आहे.

कोंडण्याला भिंती लागतात आणि कडी बाहेरून लागते. इथे जागा किती कमी आहे हे दिसलं पाहिजे.

गुंतण्याला भिंत नकोच. दोरा, वायर, केस, वेली यांतलं एकेक सूत सुटं बघितलं तर निरुपद्रवी असतं, एकत्र आलं की सोडत नाही. शिवाय गुंत्यात बहुतेकदा आपलाच हात असतो, म्हणून गुंतण्याच्या फोटोत मी हात दाखवतोच.

रुतण्यात वर सगळं आकाश मोकळं असतं आणि अडचण फक्त पायाशी असते. नवशिके इथे हमखास चुकतात: अंधारं, कोंदट काहीतरी करायला जातात. खरं तर रुतलेल्या माणसाभोवती जितकी मोकळी जागा दिसेल तितकं त्याचं रुतणं जास्त बोचतं. फ्रेमचा खालचा भाग जड ठेवा, वरचे दोन तृतीयांश रिकामे सोडा.

फसण्याला आमिष लागतं आणि आमिष सुंदर असतं. हा फोटो कृष्णधवल केलात तर आमिषच मारून टाकाल.

घुसमटणं हवेशी संबंधित आहे. काचेवरची वाफ, तोंडाशी आलेलं कापड, नाक आणि समोरचा पृष्ठभाग यांतलं बोटभर अंतर, एवढ्यावर ते उभं राहतं. खोळंबणं हे वेळेचं अडकणं, आणि टिपायला सगळ्यात अवघड. (घड्याळ दाखवू नका. कुणीही दाखवेल.) कात्रीत सापडणं म्हणजे वाटा दोन आणि दोन्हीकडे धार, तिथे फ्रेमच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्याच ताकदीने ओढताहेत असं वाटलं पाहिजे.

एक क्रियापद निवडलं की कागदावर एकच वाक्य लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: कोण, कशात, आणि कुठल्या वाटेकडे बघत. उदाहरणार्थ, "रात्रपाळी करून आलेला माणूस, भर उजेडात न येणाऱ्या झोपेत, पडद्याच्या फटीकडे बघत." किंवा "मी, न पाठवलेल्या राजीनाम्यात, पाठवण्याच्या बटणाकडे बघत." वाक्यातली तिसरी जागा रिकामी राहत असेल तर फोटो काढायची घाई करू नका.

पायरी २ : चार जुने फोटो बघून या

ते सहज शोधता येतात. प्रत्येकावर निदान पाच मिनिटं घालवा.

पहिला पॉल स्ट्रँडचा १९१५ चा, न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरचा. माणसं रस्त्याने चालली आहेत, कुणी कुणाला बांधलेलं नाही. पण त्यांच्या मागे मॉर्गन बँकेच्या इमारतीची काळीभोर, आयताकृती, अवाढव्य कोनाडं एकाला लागून एक उभी आहेत आणि माणसं त्यांच्यापुढे मुंग्यांएवढी झाली आहेत. लांब सावल्या त्यांच्या पायांना चिकटल्या आहेत. चालत्या माणसांना अडकलेलं दाखवायचं तर आकारमान किती काम करतं, ते इथे बघा.

दुसरा रॉबर्ट फ्रँकचा, १९५५, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्समधली ट्राम. बाहेरून सरळ समोर उभं राहून काढलेला. खिडक्यांची रांग, खिडक्यांमध्ये पांढरे उभे पट्टे. पुढच्या खिडक्यांत गोरे प्रवासी, मधल्या खिडकीत दोन गोरी मुलं, मागच्या खिडक्यांत कृष्णवर्णीय माणूस आणि बाई. तो माणूस थेट आपल्याकडे बघतो आहे. खिडक्या उघड्या आहेत, कुठेही कुलूप नाही. खिडक्यांमधले ते पट्टे म्हणजे त्या काळचा, कुणी कुठे बसायचं हे रंगावरून ठरवणारा कायदा. फ्रँकने कायदा कुठे लिहून दाखवलेला नाही. ट्रामच्या सांगाड्यात तो आयता उभा होता, त्याने फक्त समोरून पकडला.

तिसरा खरं तर फोटो नव्हे, मालिका आहे. प्रागचा योसेफ सुडेक. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला, तरी एका हाताने मोठे स्टँडचे कॅमेरे वागवणारा. १९४० पासून १९५४ पर्यंत तो आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढत राहिला. सुरुवातीची वर्षं नाझींच्या ताब्यातल्या शहरातली. काचेवर कधी दव, कधी बर्फाची नक्षी, कधी ओघळणारे थेंब, आणि पलीकडे बागेतलं वाकडं झाड. खिडकी तीच, झाड तेच. चौदा वर्षं! मला वैयक्तिकरीत्या हे काम या विषयातलं सगळ्यात मोठं वाटतं, कारण यात कुणी दुःखी चेहरा केलेला नाही. बाहेरचं झाड दिसत राहतं आणि काच मध्ये येत राहते, बस्स.

चौथा आंद्रे केर्तेसचा १९३९ चा ट्युलिप. फुलदाणीत एकच फूल, आणि त्याचा देठ वाकून मान पार खाली गेलेली. केर्तेस १९३६ मध्ये पॅरिसहून न्यूयॉर्कला गेला होता, तिथे त्याचं मन रमलं नाही आणि युद्धामुळे परतीची वाट बंद झाली. हे माहीत नसलं तरी फूल पुरेसं बोलतं.

या चारांत मिळून एकही तुरुंग नाही, हे लक्षात आलं असेलच.

पायरी ३ : चौकटीला भिंत करा

मराठीत फोटोच्या कडांनाही चौकट म्हणतात आणि दाराच्या लाकडालाही. छायाचित्रकाराला हा योगायोग फार उपयोगी आहे. फोटोच्या चार कडा या तुम्हाला फुकट मिळालेल्या चार भिंती आहेत, आणि नवशिके त्या वापरतच नाहीत. विषय मध्यभागी ठेवतात आणि भोवती ऐसपैस जागा सोडतात.

एक सराव करा. तोच माणूस, तेच घर, सहा फोटो.

पहिल्यात डोकं वरच्या कडेला टेकवा, अगदी केस कापले गेले तरी चालेल. आता छत खाली आल्यासारखं वाटतं. दुसऱ्यात माणूस उजव्या कडेशी ठेवा आणि त्याला उजवीकडेच बघायला सांगा. एरवी नजरेसमोर जागा सोडावी असा नियम शिकवतात. तो इथे मुद्दाम मोडायचा. नजर कडेवर आपटते आणि पाठीमागे निरुपयोगी रिकामी जागा उरते. तिसऱ्यात त्याला त्याच कडेशी ठेवून डावीकडे, दाराकडे बघायला सांगा. आता तीच रिकामी जागा पार करायचं अंतर झाली. दुसरा कोंडलेल्याचा फोटो, तिसरा खोळंबलेल्याचा.

चौथ्यात चौकटीत चौकट आणा: दाराच्या पलीकडे दार, त्यापलीकडे माणूस. पाचव्यात कॅमेरा जमिनीवर ठेवा. सहाव्यात खुर्चीवर चढून वरून घ्या, म्हणजे आकाश, क्षितिज, दाराचा वरचा भाग सगळं जातं आणि माणसाभोवती फक्त जमीन उरते. क्षितिज काढून घेणं हा माणसाला अडकवायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि बघणाऱ्याला तो कळतही नाही.

सहाही फोटो शेजारी शेजारी लावून बघा. माझ्या अनुभवात तिसरा जिंकतो, पण तुमच्या क्रियापदावर ते ठरेल.

आता लेन्सबद्दल, कारण इथे एक गैरसमज फार पसरला आहे. "टेलिफोटो लेन्स जागा चेपते" असं म्हणतात. जागा लेन्स चेपत नाही, तुमचं अंतर चेपतं. लांब उभं राहिलात की पुढची आणि मागची वस्तू यांच्या आकारातला फरक कमी होतो, म्हणून त्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. टेलिफोटो फक्त तेवढा भाग मोठा करून देते. गर्दीत दबलेला माणूस हवा असेल तर वीस-पंचवीस पावलं मागे जा आणि झूम करा. उलट जवळ जाऊन वाइड लेन्स (जास्त रुंद दृश्य घेणारी) वापरलीत तर पुढे आलेला हात चेहऱ्यापेक्षा मोठा होतो आणि मागचं दार पार दूर पळतं. हाताच्या अंतरावर असलेलं दार कोसभर लांब दाखवायचं असेल तर हाच मार्ग. फोनवर नेहमीचा कॅमेरा आणि अल्ट्रावाइड यांत अदलाबदल करून बघा, मात्र प्रत्येक वेळी स्वतः पुढे-मागे चालत. जागेवर उभं राहून झूम करण्याने परिणाम बदलत नाही, नुसता क्रॉप होतो.

फोटोचा आकारही ठरवा. उभा, अरुंद आकार कोंडण्याला चांगला. लांबट आडवा रुतण्याला आणि खोळंबण्याला. चौरसातून नजर बाहेर पडत नाही, गोल फिरत राहते. म्हणून गुंत्यासाठी तो मला आवडतो.

पायरी ४ : अडसर धारदार की माणूस?

जाळी, गज, काच, पडदा यांच्यामागे कुणी असेल तर फोकस कशावर, हा तांत्रिक प्रश्न वाटतो, पण इथेच फोटोचा अर्थ ठरतो. जाळी धारदार आणि माणूस धूसर ठेवलात तर गोष्ट जाळीची होते. माणूस कुणीही असू शकतो. माणूस धारदार आणि जाळी धूसर ठेवलीत तर तो माणूस जाळीला विसरून दुसरंच काही बघतो आहे असं वाटतं. दोन्ही धारदार ठेवलेत तर बघणाऱ्याची नजर दोघांत हेलकावे खाते.

तिन्ही जमायला हवेत. जाळी धूसर करायची तर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, उघडा, एफ/२.८ किंवा त्याहून मोठं (एफचा आकडा लहान, तेवढं भोक मोठं), आणि जाळीच्या अगदी जवळ जा. फार जवळ गेलात तर जाळी दिसेनाशीच होते, हेही लक्षात ठेवा. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्याची जाळी गायब करायला लोक हेच करतात. आपल्याला उलट हवं आहे, म्हणून थोडं मागे या. दोन्ही धारदार हवेत तर फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स, एफ/११ आणि फोकस साधारण ४ मीटरवर ठेवा. सुमारे २ मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येईल. म्हणजे जाळी दोन-अडीच मीटरवर आणि माणूस तिच्या मागे. फोनचा सेन्सर लहान असल्याने त्याला मुळातच जास्त खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं, त्यामुळे हे काम फोन सहज करतो. त्याला जड जातं ते धूसर करणं. पोर्ट्रेट मोडवर विसंबू नका, जाळीच्या भोकांशी त्याचा हिशोब हमखास चुकतो आणि कडा कुरतडल्यासारख्या दिसतात.

काचेचं वेगळं आहे. काचेवर बाहेरचं प्रतिबिंब पडतं आणि आतला माणूसही दिसतो, म्हणजे "आत" आणि "बाहेर" एकाच पातळीवर येतात. पायरी १ मधली वाट इथे आयती चेहऱ्यावर छापून मिळते. तर प्रतिबिंब घालवायच्या मागे लागण्याआधी त्यात काय दिसतंय ते बघा. झाड, आकाश, रस्ता असेल तर ठेवा. तुमचाच कॅमेरा दिसत असेल तर घालवा. घालवायला लेन्सभोवती काळं कापड धरून काचेला टेकवा. पोलरायझर फिल्टर (प्रतिबिंब कमी करणारी, लेन्सवर लावायची काच) असेल तर काचेसमोर सरळ उभं राहून फायदा नाही. काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांच्या तिरक्या कोनातून तो सर्वांत चांगलं काम करतो. शिवाय तो फिरवता येतो, म्हणजे प्रतिबिंब पूर्ण न घालवता अर्धं ठेवता येतं. मला बहुधा अर्धंच हवं असतं.

श्वासाची वाफ हवी असेल तर काच गार पाहिजे. ती काही सेकंदांत विरते, म्हणून आधी फोकस लावून ठेवा आणि बर्स्टवर, म्हणजे एकामागून एक सलग फोटो, घ्या. चांगला फोटो वाफ दाट असतानाचा नसतो, विरायला लागल्यानंतरचा असतो.

पायरी ५ : प्रकाश

अंधार म्हणजे अडकलेपण, हे समीकरण सोडून द्या. ट्यूबलाइटच्या सपाट, सावली नसलेल्या उजेडात माणूस अंधारापेक्षा जास्त अडकलेला दिसू शकतो, कारण तिथे लपायलाही जागा नसते.

तरी सावल्यांचे गज हवेच असतील (आणि एकदा तरी सगळ्यांना हवे असतात, मलाही), तर त्यांचं गणित समजून घ्या. सावलीची कड किती धारदार हे दोन गोष्टींवर ठरतं: प्रकाशाचा स्रोत किती लहान दिसतो आणि अडवणारी वस्तू भिंतीपासून किती दूर आहे. सूर्य आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. त्यामुळे गज भिंतीपासून १ मीटरवर असेल तर त्याच्या सावलीची कड सेंटीमीटरभरच मऊ होते. तोच गज ५ मीटरवर गेला की कड पाचेक सेंटीमीटर पसरते आणि बारीक गजाची सावली विरूनच जाते. माणसाला खिडकीजवळ आणा, एवढाच याचा अर्थ. ऊन नसेल तर पुठ्ठ्यात पट्ट्या कापा आणि मागून दुसऱ्या फोनचा टॉर्च धरा. टॉर्चचा दिवा लहान असल्याने सावली कडक पडते. पुठ्ठा टॉर्चकडे सरकवला की गज जाड होतात, माणसाकडे सरकवला की बारीक.

एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते, उजेडाच्या जागेवर लावा आणि बाकीचं काळं होऊ द्या. फोनवर उजळ भागावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. मग बोट खाली सरकवून फोटो गडद करा. एचडीआर (उजळ आणि गडद भाग दोन्ही स्पष्ट दाखवायची फोनची सोय) बंद करता येत असेल तर करा. फोन स्वतःहून सावल्या उजळवतो आणि तुम्ही मेहनतीने केलेली कोठडी दिवाणखान्यासारखी दिसायला लागते.

पायरी ६ : शटर हळू करा

धडपड दाखवायची तर माणूस हलला पाहिजे आणि खोली स्थिर राहिली पाहिजे. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या ढिगावर ठेवा, सेल्फ टायमर लावा, शटर अर्ध्या सेकंदापासून एका सेकंदापर्यंत उघडं ठेवा. माणसाने फक्त डोकं हलवायचं, खांदे नाहीत. चेहरा पुसला जातो, कपड्याची शिवण मात्र स्पष्ट राहते. छायाचित्रकार फ्रान्सेस्का वुडमनने १९७६ च्या आसपास अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्समध्ये केलेलं काम बघा: पडीक घरात भिंतीच्या सुटलेल्या कागदाआड शिरणारं शरीर, प्रदर्शनाच्या काचेच्या कपाटात बसलेलं शरीर, आणि जागोजागी हालचालीने धूसर झालेली ती स्वतः. त्यातली खोली एवढी शांत आहे म्हणूनच ती हालचाल दिसते.

दिवसा एवढं हळू शटर ठेवलं की फोटो पांढरा पडतो. तेव्हा एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी करणारी काळसर काच) लावा किंवा संध्याकाळ होऊ द्या. साध्या फोनच्या कॅमेऱ्यात शटर हातात नसेल तर प्रो मोड शोधा, म्हणजे शटरसारख्या गोष्टी स्वतः ठरवू देणारी सोय, नाहीतर शटर ताब्यात देणारं एखादं ॲप घ्या.

पायरी ७ : समोरचा माणूस

"दुःखी दिस" असं कुणालाही सांगू नका. अभिनय न येणारा माणूस दुःखी दिसत नाही, पोट दुखल्यासारखा दिसतो. त्याऐवजी काहीतरी करायला द्या: गाठ सोडव, वर न पोचणाऱ्या फळीवर हात पोचव, काचेवर बोटाने बाहेरच्या झाडाची कड गिरव. शरीर कामात गुंतलं की चेहरा आपोआप खरा होतो. सगळ्यात चांगला क्षण बहुधा काम सोडून देण्याचा असतो, म्हणून "झालं" म्हणून कॅमेरा खाली घेऊ नका.

काही गोष्टी मात्र करायच्याच नाहीत. तोंडावर प्लास्टिक, गळ्याभोवती दोरी, खरंच कुलूप लावलेली जागा, रेल्वेचे रूळ, पाणी भरलेला टब यातलं काहीही फोटोसाठी नको. पारदर्शक कागद चेहऱ्यासमोर चौकटीला ताणून लावला, चेहऱ्याला अजिबात न लागता, तरी फोटोत तेच दिसतं. जागा अरुंद असेल तर आधीच विचारा की बंद जागेची भीती वाटते का, आणि थांबायची एक खूण ठरवा. ती खूण आली की फ्रेम कितीही छान असो, थांबायचं. प्राणी-किडे बरणीत कोंडून फोटो काढणं हा तर निव्वळ दुष्टपणा आहे.

अनोळखी माणसांचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा. मायकल वुल्फने टोकियोच्या मेट्रोतल्या गर्दीत काचेला चेपलेले चेहरे टिपले. वाफाळलेली काच, दबलेले गाल, मिटलेले डोळे. घुसमटण्यावरचं याहून नेमकं काम मी पाहिलेलं नाही. आणि तरीही ते बघताना मला दर वेळी अवघडल्यासारखं होतं: त्या माणसांना हलता येत नव्हतं, तोंड फिरवता येत नव्हतं, म्हणून तर फोटो मिळाले. काहींनी डोळे मिटले ते दमून की कॅमेरा टाळायला, कोण सांगणार? माझ्यापुरता मी नियम केला आहे: जो खरोखर अडकलेला आहे, म्हणजे ज्याला माझ्या कॅमेऱ्यापुढून उठून जाता येत नाही, त्याचा फोटो त्याच्या होकाराशिवाय काढायचा नाही. रुग्ण, कैदी, झोपलेला, गर्दीत दबलेला, सगळे यात आले. तुमचा नियम वेगळा असू शकतो, पण कॅमेरा उचलण्याआधी तो ठरलेला असू द्या.

माणूसच मिळत नसेल तर स्वतः उभे राहा. सेल्फ टायमर आहेच, आणि अडकण्याचा अनुभव स्वतःहून जास्त कुणाचा ओळखीचा असणार?

पायरी ८ : माणसाशिवाय

खरं सांगायचं तर नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी. वस्तू कंटाळत नाहीत, अभिनय करत नाहीत. दारात अडकलेला शर्टाचा कोपरा. कुंडीच्या भोकातून बाहेर आलेलं मूळ. जुन्या कुंपणाच्या तारेभोवती वाढलेलं झाडाचं खोड. तार आता खोडाच्या आत आहे आणि कोण कुणात अडकलंय ते सांगता येत नाही. झाड, तार आणि गेलेली वर्षं एकाच फ्रेममध्ये मिळतात, म्हणून तसं खोड दिसलं तर त्यावर अख्खी सकाळ घालवा. बाजूने येणाऱ्या उजेडात सालीचे वळ उठून दिसतात, डोक्यावरच्या उन्हात सपाट होतात.

वस्तूंच्या फोटोतही दाराचा प्रश्न लागू असतो. मूळ कुठे चाललंय, तिकडची ओली माती दिसते का? शर्टाचा कोपरा आतल्या बाजूने दिसतोय की बाहेरच्या?

पायरी ९ : निवड आणि एडिटिंग

घरी आल्यावर लगेच फोटो निवडू नका, एक रात्र जाऊ द्या. मग लहान आकारात, अंगठ्याच्या नखाएवढे करून बघा. त्या आकारातही नजर जिथे जायला हवी तिथे जाते ते बाजूला काढा. रंग काढायचा का, हे क्रियापदाला विचारा. बाहेरची वाट रंगीत आणि आतलं फिकट असेल तर रंग ठेवा. रंग नुसता लक्ष विचलित करत असेल तर काढा. व्हिन्येट, म्हणजे कडा काळ्या करणं, शक्यतो टाळा. चौकट नीट निवडली असेल तर त्याची गरज पडत नाही आणि निवडली नसेल तर त्याने झाकलं जात नाही.

मालिका करत असाल तर पाच ते सात फोटो पुरेत. सगळे एकाच तीव्रतेचे नकोत. निदान एकात हवा खेळती असावी, नाहीतर तिसऱ्या फोटोपासून बघणाऱ्याला घुसमट जाणवायची थांबते आणि कंटाळा सुरू होतो.

नाव देताना "कैद", "घुसमट", "बंदिवान" असले शब्द देऊ नका. फोटोत जे आहे तेच नाव पुन्हा सांगतं. वेळ, जागा किंवा वस्तू सांगा: "दुपारी साडेतीन", "तिसरा मजला". उरलेलं बघणाऱ्याला करू द्या.

शेवटी फोटो अशा कुणाला दाखवा ज्याला तुमचा विषय माहीत नाही, आणि बाकी काही न सांगता फक्त तीन प्रश्न विचारा. यात कोण आहे? त्याला कुठे जायचंय? मग का जात नाही? पहिल्याचं उत्तर आलं आणि दुसऱ्याला तो गप्प झाला, तर त्याच जागी परत जा. माणूस, भिंत, उजेड सगळं तसंच ठेवा आणि कॅमेरा दोन पावलं बाजूला सरकवा. माझ्या त्या पहिल्या फोटोत दार होतं, जाळीच्या डावीकडे, अर्धं उघडं. मीच ते क्रॉप केलं होतं.